माळ्यावरचा तात्या

प्रिय बाळ्यास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून तुला पत्र लिहायचे राहिले आहे, आणि मध्यंतरी फोनवर जे झाले त्याला बोलणे म्हणायची मला लाज वाटते. आईची तब्येत ठीक आहे आणि माझी साखर जिथे होती तिथेच आहे. हे दोन्ही विषय इथेच संपवतो, कारण पत्राला बसलो ते निराळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगितले तर लोक मला वेड्यात काढतील. आपला तात्या सापडला.

बेळगावच्या शहापुरातल्या घराची कौले उतरवून स्लॅब टाकायचा आहे, म्हणून माळा रिकामा करत होतो. पत्र्याच्या ट्रंकेत अण्णांच्या जुन्या धोतरात तो गुंडाळलेला होता: गोकाकच्या आत्याने माझ्यासाठी आणलेला तो हलक्या लाकडाचा पगडीवाला शेटजी, ज्याचा जबडा तू 'झपाटलेला' चित्रपटातल्या तात्या विंचू बाहुल्यासारखा हलावा म्हणून करवतीने कापलास आणि ज्याच्यापायी मार मात्र मी एकट्याने खाल्ला. तू लावलेल्या सायकलच्या तारेवर त्याची डावी भुवई अजून वर-खाली होते. उजवी अडकली आहे, त्यामुळे त्याचा चेहरा आता काहीसा आपल्या गणिताच्या सरांसारखा दिसतो.

खरी गोष्ट यापुढची आहे. मी तो पुसून टेबलावर ठेवला आणि सहज तार ओढली, तर आमची धाकटी किंचाळून स्वयंपाकघरात पळाली. ही तीच मुलगी, जी मोबाईलवर नाना राक्षस, सांगाडे आणि डोके नसलेली माणसे जेवता जेवता पाहते. मी विचारले की त्यांना घाबरत नाहीस आणि याला का घाबरतेस, तर ती दाराआडून म्हणाली, "ते मोबाईलमधी असतात. हा आपल्या घरात आहे की!"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाचा भुंगा लागला आहे. त्याची बातमी अधूनमधून कानावर येत असते आणि दर वेळी मला आधी आनंद होतो आणि मग धडकी भरते. ताईचा मुलगा बेंगळुरूला ॲनिमेशनचे काम करतो, हे तुला ठाऊक आहे. तो परवा आला होता. त्याचे म्हणणे असे की आता बाहुला हाताने हलवण्याची गरजच उरलेली नाही, संगणकावर तात्या विंचू असा धावेल आणि भिंतीवर असा चढेल की १९९३ चा बाहुला त्याच्यापुढे अवघडलेला वाटेल. मी त्याला टेबलावरचा शेटजी दाखवला. तो हसला. त्याच्या मामेबहिणीने किंकाळी फोडलेली त्याने ऐकली नव्हती.

अवघडलेपणातच सारी गंमत होती, हे त्याला कसे पटवावे? रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला महेश कोठारेंच्या चित्रपटात जेवढा दिसतो, त्याहून जास्त दिसतच नाही. हलवणारा माणूस लपवायचा असतो, म्हणून कधी नुसता चेहरा, कधी नुसता हात, कधी दाराची फट. उरलेला बाहुला प्रेक्षकाने स्वतःच्या खर्चाने घरी न्यायचा आणि रात्री पलंगाखाली ठेवायचा. तुझ्या पलंगाखाली तो किती वर्षे होता, ते तुझ्या आईने आमच्या आईला सांगितले होते. हे मी तुला आजवर कळू दिले नव्हते.

भाच्याला मी 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या योडाचे उदाहरण दिले. १९८० मध्ये तो हातात घालून चालवायचा बाहुला होता, २००२ मध्ये त्याला संपूर्ण संगणकावर उतरवले, आणि २०१७ मध्ये तेच लोक पुन्हा बाहुल्याकडे वळले. त्यावर त्याने मला शांतपणे विचारले, "मामा, मग लक्ष्या कुठून आणणार?"

बाळ्या, इथे माझी बोलती बंद झाली, आणि म्हणूनच हे पत्र तुला आहे.

२०१३ साली दुसरा भाग आला तेव्हा तुझे-माझे जे भांडण झाले, त्याची मी आता तुझ्याजवळ क्षमा मागतो. आपण कोल्हापूरपर्यंत गेलो, तिकिटे माझ्या खिशात होती, आणि तू ऐन वेळी थिएटरच्या दारात अडून बसलास की लक्ष्मीकांत बेर्डे नाहीत तर मी आत येणार नाही. मी त्रिमितीचा चष्मा लावून एकटा बसलो आणि तू बाहेर मिसळ खात राहिलास. निपाणी येईपर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस आणि संकेश्वरच्या पुढे जे बोललास ते इथे लिहिण्याजोगे नाही. मी म्हणत होतो की तात्या आहे, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आहे, लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे आहे, मग आणखी काय हवे? मला तेव्हा वाटायचे की चित्रपट तात्याचा आहे. शेटजीची तार ओढताना मला प्रथमच समजले की तो लक्ष्याच्या डोळ्यांचा होता. लाकडात, कापडात आणि रबरात भीती नसते. ती समोरच्या माणसाला वाटावी लागते आणि तीसुद्धा अशी की आपल्याला एकाच वेळी हसू यावे आणि अंगावर काटाही यावा. लक्ष्या त्या बाहुल्याकडे पाहून ततपप करायचा, म्हणून बाहुला जिवंत होता.

१९९४ च्या गणपतीतही आपले हेच झाले होते. गल्लीच्या हलत्या देखाव्यात टेबलाखाली बसून तार ओढणारा मी, म्हणून सगळे श्रेय मी घेतले. पण पलीकडच्या आज्जी "देव्व बंतु!" (भूत आलं!) म्हणून कानडीत ओरडत उठल्या त्या माझ्या तारेमुळे नव्हे, तू ज्या तऱ्हेने मागे सरकत मांडवाच्या खांबाला आपटलास त्यामुळे. नारळ फुटला होता, का तुझे डोके, यावर कार्यकर्त्यांत बराच वेळ एकमत नव्हते.

बाहुला एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अर्धवटराव यशवंत पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे आला आणि शंभरी ओलांडूनही बोलतो आहे. अमेरिकेतला तो कर्मिट बेडूक जिम हेन्सनने १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्ध्या वाट्या घेऊन केला. हेन्सन १९९० मध्ये गेला, पण बेडूक दुसऱ्यांच्या हातांवर अजून गातो. प्रभावळकर १९४४ सालचे आहेत, तेव्हा तात्याचा आवाजही कधीतरी दुसऱ्या गळ्यात जाईल आणि आपण कुरकुरत का होईना तो ऐकू. घाबरणारा मात्र कोणाच्या हाती सोपवायचा? भाच्याकडे याचेही उत्तर तयार आहे: लक्ष्यालाच संगणकावर उभा करायचा. माझे मत विचारशील तर करू नये. २००४ च्या डिसेंबरात पन्नाशीत गेलेल्या त्या माणसाला निदान घाबरण्याच्या कामातून तरी सुट्टी मिळावी. आणि तरीही तुला खरे सांगतो, पडद्यावर तो चेहरा अर्धा मिनिट जरी दिसला तरी मी चष्मा काढून डोळे पुसणार आहे.

माझे मागणे फार नाही. बाहुला खरा असावा, त्याला वजन असावे, नटाने त्याला उचलले तर हात थोडा खाली जावा. नवा कलाकार कोणीही असो, त्याने लक्ष्याची नक्कल करू नये, त्याने स्वतःच्या पद्धतीने घाबरावे. मांत्रिक, पोलीस, गाडीचा पाठलाग, हे सारे कमी झाले तरी चालेल. मंत्र मात्र हवाच. तो इथे लिहीत नाही, पोस्टमन आपल्या ओळखीचा आहे. आणि चित्रपट बेळगावात लागावा, तोही सकाळी नवाच्या एकाच खेळावर नव्हे. तुझी ती जुनी कोटी आठवते का, की तात्या विंचू हा मूळचा सीमाभागातलाच असणार, कारण आत्मा एकीकडे आणि देह दुसरीकडे अशी अवस्था इतर कोणाची होते? मास्तरांनी तुला बाकावर उभे केले खरे, पण ते स्वतः फळ्याकडे तोंड करून हसत होते.

दावणगेरेच्या नव्या घरात पाणी नीट येते का? वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले ते कळव. मुलीचा निकाल लागला असेल तर अभिनंदन, लागला नसेल तर आगाऊ. लोण्याचा डोसा रोज खाऊ नकोस.

उजवी भुवई मी उघडून पाहिली, आतली तार गंजून तुटली आहे. तू ती नेमकी कुठून वळवली होतीस ते मला समजत नाही, आणि जबड्याच्या आत पेन्सिलीने तू काही आकडे लिहिले आहेत, ते तुझे अक्षर असल्यामुळे वाचता येत नाहीत. नवी तार मी अनगोळच्या सायकलवाल्याकडून आणून ठेवली आहे. धाकटी अजून त्या खोलीत एकटी जात नाही, तेव्हा येशील तर तिच्यासमोर दुरुस्ती करू नकोस. आधी एकदा तिच्यादेखत त्याला घाबरून दाखव.

तुझा,
बंडू