नाळेतल्या रक्ताचा ‘विमा’ नेमका कुणाचा?

महोदय,

मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी; त्यांच्या संशोधनाच्या बातम्या आल्या की खासगी कॉर्ड ब्लड बँकांच्या जाहिरातींनाही जोर चढतो: बाळाच्या नाळेतले, मूलपेशी असलेले रक्त पैसे भरून साठवा, तो त्याच्या आरोग्याचा ‘विमा’ आहे. होणाऱ्या आईबाबांनी पैसे भरण्याआधी थोडा हिशेब करावा. प्रसूतीनंतर नाळेतून साठवणीच्या पिशवीत जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर रक्त जमते. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. म्हणून एक पिशवी लहान मुलाला पुरते, प्रौढाला बहुधा नाही. ती जास्त भरावी म्हणून नाळ घाईने चिमटली, तर बाळाच्या वाट्याचे रक्त आणि लोह जाते. जागतिक आरोग्य संघटना किमान १ मिनिट थांबायला सांगते ते याचसाठी.

शिवाय थॅलेसेमिया हा रक्ताचा जनुकीय आजार. त्या बाळाच्या साठवलेल्या पेशींतही तोच दोष, मग स्वतःचे रक्त स्वतःच्या काय कामाचे? ल्युकेमियातही (रक्ताच्या कर्करोगात) ते सहसा टाळतात. उपयोग होतो तो ऊती जुळणाऱ्या भावंडाच्या रक्ताचा, आणि त्या पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. १९८८ मध्ये पॅरिसला झालेले पहिले नाळरक्त प्रत्यारोपणही बहिणीच्याच रक्ताने झाले.

घरात असा रुग्ण आधीच असेल तर जरूर साठवा. आयसीएमआरचीही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) भूमिका तीच आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी मूलपेशींनी ‘बरे करतो’ म्हणणाऱ्याला मात्र चाचणीचा सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा, आणि सहभागासाठी पैसे मागितले तर सरळ उठून या.

एक रक्तविकारतज्ज्ञ, पुणे