इंग्रजी उच्चार आणि आपली कठोर-मृदू व्यंजने

माननीय संपादक,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मराठी शाळांत इंग्रजी शब्द अजूनही स्पेलिंग घोकूनच शिकवले जातात. भाषाशास्त्रज्ञ शब्दाकडे ध्वनी, घडण आणि अर्थ या अंगांनी पाहतात, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी पूर्वतयारी आपल्या मुलांची मराठीच्या तासाला झालेली असते.

विपद् आणि काल यांचा संधी करताना पुढच्या कठोर (घशात कंप न होता उच्चारल्या जाणाऱ्या) 'क'मुळे मृदू (कंपासह उच्चारल्या जाणाऱ्या) 'द्'चा 'त्' होतो व 'विपत्काल' शब्द तयार होतो, हे परीक्षेपुरते का होईना, मुलांना पाठ असते. इंग्रजी भूतकाळाच्या 'ईडी' या प्रत्ययाचेही असेच आहे. फक्त तेथे मागचा वर्ण पुढच्यावर परिणाम करतो. 'हेल्प'मधल्या कठोर 'प'नंतर हा प्रत्यय 'ट' असा ऐकू येतो, 'प्ले'सारख्या स्वरान्त शब्दानंतर 'ड', आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर, जसे 'वाँट'नंतर, 'इड'. अनेकवचनी 'एस' हा 'कॅट्स'मध्ये 'स' राहतो, पण 'डॉग्ज'मध्ये 'जरा'तल्या 'ज'च्या जवळ जातो. 'लाफ'च्या शेवटी जी-एच लिहिलेले असले तरी प्रत्ययाचा उच्चार 'स'च होतो, कारण नियम चालतो तो कानावर पडणाऱ्या कठोर 'फ'वर.

स्पेलिंग सोडून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला, पुढे लेखन हळूहळू स्थिरावले आणि उच्चार मात्र बदलत राहिले; सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला मुका 'के' त्यातूनच उरला, एवढे सांगितले तरी पाठांतर सुसह्य होते.

घडणीसाठी 'अनलॉकेबल' हा एकच शब्द फळ्यावर सोडवावा. 'अनलॉक'ला 'एबल' जोडला तर कुलूप काढता येण्याजोगे. 'लॉकेबल'च्या आधी 'अन' लावला तर कुलूप लावताच न येणारे. अक्षरे तीच, जोडणीचा क्रम बदलला की अर्थ उलटतो.

कन्नड वर्णमालाही याच क-च-ट-त-प वर्गांनी मांडलेली आहे. तेव्हा सीमाभागातील मराठी आणि कन्नड माध्यमांच्या इंग्रजी शिक्षकांचे प्रशिक्षण एकत्र घेऊन त्यात ध्वनिविचाराला स्वतंत्र तास द्यावेत, आणि डिक्टेशनच्या गुणांपैकी काही उच्चारासाठी राखावेत, अशी शिक्षण खात्याला विनंती आहे.

– एक निवृत्त भाषाशिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)