नवा राउटर आमच्या फोनना सर्व्हरचा पत्ताच देत नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : राउटर बदलल्यावर रुग्णालयातील नऊ फोन बंद पडल्याबाबत

महोदय,

मिरजेतल्या आमच्या छोट्या रुग्णालयाचे संगणक आणि फोन मी सांभाळतो. गेल्या सोमवारी तुमच्या माणसांनी जुना राउटर काढून तुमचा नवा बसवला. इंटरनेट उत्तम चालते. तक्रार फोनची आहे.

आमचे फोन आयपी फोन आहेत, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे. असा फोन सुरू होताना डीएचसीपीकडे (नेटवर्कवरच्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या, राउटरमधल्या सेवेकडे) नुसता आयपी पत्ता मागत नाही, आणखी काय काय हवे त्याची यादीच ऑप्शन ५५ या क्रमांकाच्या रकान्यात पाठवतो. आमच्या फोनच्या यादीत ६६ असतो. ऑप्शन ६६ मधून टीएफटीपी सर्व्हरचा (फोनना सेटिंगच्या फाइली देणाऱ्या संगणकाचा) पत्ता मिळाला की फोन तिथून स्वतःच्या मॅक पत्त्याच्या (कारखान्यातच मिळालेल्या ओळख क्रमांकाच्या) नावाची फाइल उतरवून घेतो, आणि त्या फाइलीतून त्याला आपला एक्स्टेंशन नंबर, पासवर्ड कळतो. जुना राउटर हा पत्ता देत असे. तुमचा देत नाही.

मंगळवारी ओपीडीत एक नवा फोन लावला, तो काही सुरू होईना. तुमचे तंत्रज्ञ आले, "फोनच खराब आहेत" म्हणाले आणि मी अडवेपर्यंत चालू असलेले आठही फोन फॅक्टरी रीसेट करून मोकळे झाले. ते आठ फोन आधी साठवलेल्या सेटिंगवर चालत होते, तीही पुसली गेली. त्या रात्री बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना बोलवायला सिस्टर दोन जिने धावत खाली आल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण सिस्टरांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

फोन खराब नाहीत, याचा पुरावा सोबत जोडला आहे. लॅपटॉपवर पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे संदेश) पकडून पाहिले : फोन ६६ मागतो, तुमच्या राउटरच्या उत्तरात मात्र सबनेट, गेटवे, डीएनएस आणि लीजची मुदत एवढेच येते. मग जुना राउटर दहा मिनिटे लावला. तोच "खराब" फोन पुन्हा चालू झाला आणि पडद्यावर २०४ हा नंबर आला.

सध्या प्रत्येक फोनमध्ये सर्व्हरचा पत्ता हाताने भरून काम भागवले आहे. पण पुन्हा कोणी रीसेट केले की मागचेच पाढे. स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर लावावा, तर तुमच्या राउटरमधला बंद करता येत नाही, ते पान ग्राहकाला कुलूपबंद आहे. एका नेटवर्कवर दोघे उत्तर देऊ लागले तर कोणता फोन कोणाचे ऐकेल, सांगता येत नाही.

म्हणून एक तर राउटरमध्ये ऑप्शन ६६ भरून द्या, नाहीतर त्यातला डीएचसीपी बंद करण्याची मुभा आम्हाला द्या. नवे फोन घेण्याचे जे कोटेशन पाठवले आहे, ते लेखी मागे घ्या. आणि यापुढे आम्हाला विचारल्याशिवाय एकाही फोनला रीसेट करू नये, अशी तंत्रज्ञांना ताकीद द्या.

डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळाला आहे, पण तक्रार "निकाली" दाखवली आहे. ती आज पुन्हा उघडावी. तसे न झाल्यास मी तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
सोबत : पॅकेट नोंदीची प्रत, दोन्ही राउटरची छायाचित्रे