चरबीची चिठ्ठी आणि शिंप्याची टेप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर-परभणीपासून तालुक्याच्या गावापर्यंत सध्या ‘मोफत बॉडी चेकअप’ची शिबिरे भरतात. अनवाणी वजनकाट्यावर उभे राहिले की चरबीचे टक्के आणि ‘शरीराचे वय’ लिहिलेली चिठ्ठी हातात पडते, पाठोपाठ वजन उतरवायच्या पावडरीचा डबा.

हा काटा चरबी मोजत नाही, अंदाज काढतो. एका तळपायातून दुसऱ्यात अगदी सौम्य वीज जाते. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून ती सहज जाते, चरबीत अडते. हा अडथळा आणि आपण सांगितलेले वय, उंची, लिंग सूत्रात घालून टक्के निघतात. उंची ठोकून दिली की उत्तरही ठोकलेलेच! शिवाय वीज मुख्यतः पायांतून फिरते, पोटातल्या चरबीचा पत्ता तिला फारसा लागत नाही. मे महिन्यात अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असतील, तर चरबी आहे त्याहून जास्त दिसू शकते.

पावडर सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात उतरणारे दीड-दोन किलो बहुतांशी पाणीच असते. भाकरी-भात तोडला की शरीरातला ग्लायकोजेनचा (स्नायू-यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी निघून जाते. एक किलो चरबीत जवळपास ७,७०० कॅलरी असतात. ती चार दिवसांत जात नाही.

बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. हा आकडाही फसवा. मोंढ्यातल्या पिळदार हमालाचा २६ येईल, बैठ्या कारकुनाचा २२. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा वैद्यकीय संशोधकांचाही बीएमआय २२.३ होता; चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली हे छापून आले. (मुलांना आणि गरोदर स्त्रियांना हे निकष लावू नयेत.)

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, टेप जमिनीला समांतर धरावी. श्वास सहज सोडून आकडा वाचावा, पोट आत ओढू नये. पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असलेला उत्तम. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली घातली जाते.

वजन सकाळी शौचानंतर, चहाआधी, त्याच काट्यावर करावे. शहाबादी फरशी उंचसखल असेल तर काटा चुकतो. रोजचा आकडा सोडून आठवड्याची सरासरी पाहावी.

शिबिरवाल्यांनी एवढे तरी विचारावे : पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारे, शरीरात बसवलेले यंत्र) आहे का? असेल तर त्या माणसाला या विजेच्या काट्यावर उभे करायचेच नाही.

– एक आहारतज्ज्ञ, लातूर