सडा ओसाड नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या वृक्षारोपणाची बातमी होती. मथळा होता, 'ओसाड सड्यावर फुलणार हिरवाई'. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट, खडकाळ पठार. खड्डे खणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शाळेत शिक्षक असताना मीही पोरांना सड्यावर नेऊन दोन पावसाळे असेच खड्डे खणून घेतले आहेत. पहार आपटली की ठिणग्या उडायच्या. शहाणपण तेव्हाच यायला हवे होते. पुढच्या मे महिन्यात बघायला गेलो तर एक रोप जगलेले नव्हते.

सह्याद्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट रान येते. कोयना-चांदोलीत ते आहेही. पण साताऱ्यापासून कोल्हापूर, सिंधुदुर्गापर्यंत डोंगरांचे माथे बघा: ताटासारखे सपाट, झाड औषधालाही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा खडक. त्यावर उन्हापावसाचा मारा होत राहिला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि वर तांबड्या जांभ्याची टोपी तयार झाली. तिच्यावर माती कुठे चार बोटे, कुठे तीही नाही. पावसाळ्यात चार महिने पाणी साचते, उरलेले आठ महिने तवा तापतो. अशा जागी झाड उभे राहत नाही, आणि ते कुणी तोडल्यामुळे नव्हे.

पण जे तिथे राहते ते दुसरीकडे राहत नाही. मातीत कस नाही म्हणून सीतेची आसवे आणि गवती दवबिंदू या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. पाणथळ खळग्यांत वायतुरा येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात सातारा घातला आहे, कारण तो इथलाच. कवल्याच्या पिवळ्या फुलांना हल्ली सगळे 'मिकी माऊस' म्हणतात, त्याला इलाज नाही. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. आंबोलीच्या सड्यावरच्या एका भेकाची ओळख तर जगाला 2009 साली झाली. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारसा ठरवली. त्यांतल्या महाराष्ट्राच्या चारांमध्ये कोयना, चांदोली, राधानगरी ही जंगले आहेत, आणि चौथे कास, म्हणजे सडाच! कासला तिकीट काढून रांगा लावायच्या आणि शेजारच्या सड्यावर खड्डे खणायचे, हे मला तरी उमगत नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा आहे. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडमीट करतो. 2016 मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले आणि त्याच्या प्रजातीला आपलाच शब्द मिळाला, 'सरडा'. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले, त्यामुळे सरडे वाढले आणि निर्धास्तही झाले. वाचायला गंमत वाटते. पण मोकळ्या दिसणाऱ्या माळावर कोण कुणाला धरून आहे, ते यातून कळते. तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर? सावली पडेल, पाचोळा साठेल, आणि उन्हावर जगणारे गवत, फुले आणि हे सरडे, सगळ्यांचीच जागा जाईल.

आमच्याकडे गुराखी सड्याला ओसाड म्हणत नाहीत. पावसाळ्यात गुरे तिथेच चरतात, आणि सड्याखालच्या झऱ्यांचे पाणी कितीतरी वाड्या पितात. ओसाड हा शब्द कागदावरचा. सातबाऱ्यावर अशी जमीन 'पोटखराबा' म्हणून लागते, आणि खराबच म्हटल्यावर तिथे चिऱ्याची खाण काय, रिसॉर्ट काय, कुणाला हळहळ वाटत नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे केंद्र सरकारने 2014 ते 2024 या काळात सहा मसुदे काढले. गावागावांत त्यावर भांडणे झाली, पण ती ऐकताना सड्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला.

रोपे लावायचीच असतील तर गावालगतच्या ओढ्याकाठी लावावीत. माती खोल आहे, पाणी आहे, शिवाय वड, उंबर, जांभूळ तिथे आधीपासून आहेतच. सड्यावर या जुलैत नुसते जाऊन बसावे, जमल्यास चप्पल काढून.

आणि आपल्याला एक विनंती. मथळ्यात 'ओसाड' शब्द नसता, नुसते 'सड्यावर' एवढेच छापले असते, तर एक शब्द वाचला असता आणि हे पत्रही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. पाटण, जि. सातारा