टोळ्या निघण्याआधी लस द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि माझ्या सातवीच्या वर्गातल्या मुली कमी होऊ लागतात. कुणी उसाच्या फडात मोळ्या बांधते, कुणी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, धाकटं भावंड सांभाळते. परत येतात त्या मार्च-एप्रिलमध्ये. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो; त्यापासून वाचवणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात द्यायची असते, म्हणजे नेमकी यांनाच. हिवाळ्यात शिबिर लावलं तर या मुली हजेरीपटावर असतील, वर्गात नसतील.

साहेब, या आजाराविषयी जगाला जे कळलं, त्यात आमच्या भागातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. १९९९ पासून धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. पुढे लसीच्या अभ्यासातही शेजारची बार्शी होती. २०१० मध्ये तिथलं लसीकरण मध्येच थांबलं आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की एका डोसनेही टिकाऊ संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस पुरेसा मानला. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या डोसाच्या तारखेला मुलगी कोणत्या फडात असेल, हे तिच्या आईलाही सांगता येत नाही.

आईवरून आठवलं. लसीचं बोलताना एकीने मला विचारलं, "बाई, या सुईनं पोरीच्या पिशवीला काही होणार नाही ना?" तिची स्वतःची पिशवी, म्हणजे गर्भाशय, तिशीच्या आतच काढलेली. "नाहीतर कॅन्सर होईल" असं तिला सांगितलं होतं. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बीडच्या अशा हजारो ऊसतोड बायका पुढे आल्या. कॅन्सरचं नाव घेऊन ज्यांना एकदा घाबरवलं, त्या पत्रक वाचून लेकीला पुढे करणार नाहीत. गावातल्या आशाताईंनी घरी बसून, लसीने पिशवीला धक्का लागत नाही आणि लेकरं होण्यात अडचण येत नाही, हे सांगावं लागेल. त्यासाठी आशाताईंना वेळ आणि मोबदला द्या.

आमच्या जिल्ह्यांत लस जुलै ते सप्टेंबरमध्ये द्या, मोफत आणि शाळेतच. बाजारात पुण्यात तयार होणाऱ्या लसीचा एक डोसही दोन हजारांच्या घरात जातो. मजुरीची उचल आगाऊ घेऊन जगणारं घर तो घेणार नाही. शाळा सुटलेल्या मुलींची यादी आशाताईंकडून करून घ्या. ज्या लसीवाचून राहतील, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहात आणि कारखान्याजवळच्या मजुरांच्या अड्ड्यावर पथक पाठवा. नोंद मात्र मुलीच्या नावावर ठेवा, म्हणजे ती कुठल्याही जिल्ह्यात गेली तरी सापडेल.

माझ्या वर्गात आज १९ मुली आहेत. दसऱ्याआधी त्यांना लस मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली,
एक शिक्षिका, बीड जिल्हा