चारचौघांत झाडण्यापेक्षा बाजूला घेऊन सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे म्हणून लिहितोय. आमच्याकडं सुपरवायझर म्हणजे मोठ्यानं बोलणारा माणूस असं समीकरणच झालंय. परवा एका नवीन पोराचे जॉब, म्हणजे मशीनवर केलेले पार्ट, रिजेक्ट झाले, बोअर म्हणजे आतलं भोक मोठं येत होतं, तर साहेबांनी अख्ख्या शिफ्टसमोर त्याला झाडलं, "डोकं घरी ठेवून येतोस काय रे", आणि गेले निघून. आता यातनं पोराला काय कळलं सांगा? नंतर एका जुन्या ऑपरेटरनं त्याला बाजूला घेतलं, इन्सर्ट म्हणजे कापायचं पातं बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, परत तपासायचा राहिलाय हे मशीनवरच दाखवलं आणि पुढचा पीस त्याच्याकडनंच बोअर गेजनं मोजून घेतला. याला म्हणायचं फीडबॅक.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली यावरच्या कितीतरी अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलेलं दिसलं, आणि लक्ष कामावरनं माणसावर गेलं की फायदा कमी होतो असं त्यांचं म्हणणं. आमच्या शॉपमध्ये तर हे रोज दिसतंय, शिव्या खाल्लेली पोरं चूक सांगतच नाहीत, लपवतात, मग माल थेट कस्टमरकडनं परत येतो.

सांगली-मिरजेच्या कारखानदारांना कळकळीची विनंती, चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करताय ना, मग माणसांशी बोलायचं ट्रेनिंग पण द्या, आणि काम चांगलं झालं तर तेही त्याच दिवशी सांगा की.

- एक कामगार वाचक, सांगली